जर्मनीच्या पैशातून झालेलं पाणलोटाचं काम – गावाला खरंच काय मिळालं?

पठारावरचा_भाचा
नमस्कार मंडळी. माझं आजोळ संगमनेर तालुक्यात, पठाराकडं. लहानपणी मामा डोंगरावरचे चर दाखवून म्हणायचा "हे जर्मनवाल्यांचं काम", आणि मला खरंच वाटायचं की गोरी माणसं येऊन कुदळ मारून गेली 😄 या दिवाळीत गेलो तर निम्मे चर गाळाने भरलेत, खालचा एक बांध फुटलाय आणि उन्हाळ्यात परत टँकर लागतो म्हणे. मामा म्हणतो सगळा पैसा पाण्यात गेला. आजी म्हणते त्या कामानेच गाव तगलं, नाहीतर सगळे कोयता घेऊन ऊसतोडीला गेले असते. दोघं एकाच ओट्यावर बसून हे बोलतात. आता यातलं खरं काय? हा पैसा नेमका कोणाचा होता, यायचा कसा आणि ते लोक गेल्यावर कामाचं काय झालं? त्या काळात काम केलेलं कोणी असेल तर सांगा प्लीज.

जुना_मुकादम
भाच्या, गोरी माणसं यायची पण बघायला, तेव्हा नारळ-हारतुरे व्हायचे. कुदळ आपल्याच लोकांची.

तो इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम, 90 च्या दशकातला. पैसा जर्मन सरकारचा, त्यांच्या केएफडब्ल्यू बँकेतून नाबार्डकडं (आपली शेती-ग्रामविकासाची बँक) यायचा आणि तिथून गावाच्या पाणलोट समितीच्या खात्यात, तेही गावात काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेच्या माणसाची आणि गावाची अशा जोडसहीने. ट्रेनिंगचा भाग जर्मन सरकारच्याच जीटीझेड संस्थेकडं होता (आता त्याला जीआयझेड म्हणतात). यामागं फादर हर्मन बाखर, मूळचे स्वित्झर्लंडचे पण आयुष्याची बरीच वर्षं नगर जिल्ह्यात गेली, मराठी आपल्यासारखी बोलायचे. 1993 ला वॉटर (WOTR) नावाची संस्था निघाली ती याच कामासाठी, बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी काढली.

पण पैसा लगेच मिळत नव्हता हे लक्षात घे. आधी गावाने श्रमदान करून दाखवायचं, चराईबंदी कुऱ्हाडबंदीचा ठराव करायचा, मग छोट्या तुकड्यावर वर्ष-दीड वर्ष काम, त्यात गाव टिकलं तर मोठा प्रकल्प. आमच्या शेजारचं एक गाव इलेक्शनच्या भांडणात तिथंच गळालं. मजुरीतला पाचवा-सहावा हिस्सा श्रमदान म्हणून कापला जायचा, त्यावरून दर आठवड्याला पेमेंटच्या दिवशी शिव्या खाल्ल्यात मी.

आणि आखणी कशी व्हायची सांगतो, लाकडाची ए फ्रेम, मधे दोरीला दगड बांधलेला, दगडाची दोरी खुणेवर आली की दोन्ही पाय एका लेव्हलला, तिथं फक्कीचा ठिपका टाकायचा, पुढं सरकायचं. चौथी शिकलेल्या पोरी इंजिनियरच्या वरताण आखायच्या. माथ्यापासून पायथ्याकडं काम, खाली बांध घालायची घाई करायची नाही. पहिला मोठा पाऊस झाला तेव्हा ओढ्याला पाणी आलं ते गढूळ नव्हतं, लोकं नुसती बघत उभी होती.

शेळीवाली_ताई
काका सगळं बरोबर आहे पण चराईबंदी कोणाच्या पोटावर आली तेही लिहा ना. आमची जमीन नाही, घरात पंचवीस शेळ्या. डोंगर बंद झाला तशा बापाने अठरा विकल्या, तेही पडत्या भावात कारण गावातले सगळेच विकत होते. पाणी वाढलं ते विहीर असणाऱ्याचं वाढलं, आमच्या वाट्याला दोन-तीन वर्षं चराची मजुरी आली आणि काम संपलं तशी मजुरी पण संपली. धनगर वस्त्यांवर तर यावरून हाणामारीची वेळ आली होती. हां, बायकांची संयुक्त महिला समिती झाली ते चांगलं झालं, माझी आई पहिल्यांदा बँकेत गेली ती बचत गटाच्या पासबुकासाठी, आणि नंतर गवत कापून आणायची परवानगी मिळाली तेव्हा उरलेल्या शेळ्या तगल्या. म्हणजे वाईटच झालं असं नाही, पण किंमत सगळ्यांनी सारखी मोजली नाही.

किल्लारीकर
आमच्याकडची गोष्ट वेगळी. 30 सप्टेंबर 1993 चा भूकंप, त्यानंतर जागतिक बँकेचा पैसा आला, तो मुख्यतः कर्ज. बावन्न गावं उचलून नवीन जागी बसवली. कोणाला केवढं घर ते त्याच्याकडं जमीन किती यावर ठरलं, भूमिहीन आणि अल्पभूधारकाला 250 चौरस फूट, मधल्याला 400, मोठ्याला 750. घरं पक्की झाली हे मान्यच, पण सरळ रेषेतले रस्ते आणि शेत लांब, जनावर बांधायचं कुठं याचा विचार नाही, माझ्या आजोबांनी घराला लागून पत्र्याचं शेड मारलं आणि शेवटपर्यंत झोपले तिथंच (दगडाच्या भिंतीची धास्ती होती, आणि पक्क्या स्लॅबची पण). तुमच्याकडं निदान शिवारात काय करायचं ते शेतकऱ्याला विचारलं.

जुना_मुकादम
ताईंचं खरं आहे, त्याला माझ्याकडं उत्तर नाही. आम्हाला टार्गेट हेक्टरचं असायचं, शेळ्यांचं नाही.

किल्लारीकर, हो, गट नंबरनुसार नवरा-बायको दोघांना बांधावर उभं करून विचारायचो, इथं बांध पाहिजे का झाडं. बाईचं आणि बाप्याचं उत्तर क्वचितच एक यायचं.

बोअर_बंद_करा
टँकर परत का लागतो ते कोणी बोललं नाही. जर्मन पैशाने पाणी जिरवलं आणि मग ज्याच्याकडं पैसा आला त्याने पाचशे फुटाचं बोअर मारून ते उपसलं, डाळिंब टोमॅटो लावले. चराने जिरलेलं पाणी कोणाचं याचा नियम कागदावर होता, पाळला कोणी? दोष मदतीचा नाही न् चराचाही नाही. आणि हे मॉडेल वाया गेलं म्हणणाऱ्यांसाठी, याच धर्तीवर 1999-2000 ला नाबार्डमध्ये 200 कोटींचा पाणलोट विकास निधी झाला, तो आपल्या देशाच्याच पैशातून.

पठारावरचा_भाचा
धन्यवाद सगळ्यांना. मामाला फोन केला, त्याची स्वतःची दोन बोअर आहेत 🙈 त्याने विषय बदलला. काका एक विचारायचं राहिलं, बांध फुटला तर दुरुस्तीचा पैसा कुठून यायचा?

जुना_मुकादम
श्रमदानाच्या कपातीतला हिस्सा देखभाल निधी म्हणून वेगळ्या खात्यात टाकायचो, त्याच्या व्याजातून दुरुस्ती. तुझ्या गावच्या समितीचा जुना सचिव कोण ते आजीला विचार, पासबुक त्याच्या पेटीत असेल. आमच्या गावात ते निघालं तेव्हा शेवटची एंट्री अकरा वर्षांपूर्वीची होती आणि पैसे जसेच्या तसे होते, सही करणाऱ्यातला एक वारला म्हणून कोणी हात लावला नव्हता.