जिरूसाठी हरळी हवी आहे

वैशाली, बी-२०४: नमस्कार मंडळी. आमच्या जिरूच्या (गिनी पिग, पोह्यांवर भुरभुरवतात त्या जिरावण मसाल्याच्या रंगाचा, लहान मुलं ओळखतात) दाढा मंगळवारी भूल देऊन घासून घेतल्या. आज चौथा दिवस, अजून आपलं आपण खात नाही. कोणाच्या कुंडीत औषध न मारलेली हरळी असेल तर मूठभर द्याल का? मागच्या लॉनवर परवाच फवारणी झालीये, तिथली नको.

जोशी काकू, ए-१०२: अगं, माझ्याकडे आहे ना, गणपतीला दूर्वा हव्यात म्हणून लावलेली. कधीही ये. पण एवढ्याशा जिवाच्या दाढा घासतात?

वैशाली, बी-२०४: काकू, त्याचे वीसच्या वीस दात जन्मभर वाढत राहतात, गवत चावून झिजले तर ठीक. जिरूच्या खालच्या दाढा आत वळून जिभेवर कमान झाली होती, जीभ खाली अडकलेली. पहिल्या दवाखान्यात फक्त पुढचे दात बघून ‘ठीक आहे’ म्हणाले. त्यात आठ दिवस गेले आणि ९४० ग्रॅमचा जिरू ८६० वर आला. अजून वाईट वाटतं.

देशपांडे काका, सी-३०१: एक दिवस काही देऊ नकोस. भूक लागली की मुकाट्याने खाईल. आमचा मोती असाच वठणीवर यायचा.

वैशाली, बी-२०४: काका, कृपा करून हे कोणीच करू नका. कुत्र्याचं निभतं, याचं नाही. याच्या पोटात सतत काहीतरी सरकत राहावं लागतं. अर्धा दिवस रिकामं राहिलं तरी आतडी मंदावतात, गॅस धरतो आणि असेल नसेल ती भूकही मरते.
आणि भूक आहे हो त्याला! सकाळी कोथिंबिरीची काडी दाखवली तर धावत आला. ओठांनी ओढून घेतली, दोनदा जबडा हलवला आणि ओली काडी तशीच खाली पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. इतके दिवस ताणलेला जबडा दुखतोय, दाढा एकमेकींवर कशा बसवायच्या ते त्याला नव्याने जमवायचंय.

जोशी काकू, ए-१०२: अगं बाई गं. मग दूध-पोळी कालवून दे ना.

वैशाली, बी-२०४: दूध, पोळी, भात काहीच चालत नाही काकू. त्याच्याच खाद्याच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून पातळ लापशी करते. दिवसाला साधारण ४५ मिली, सहा वेळा वाटून, रात्री ११ ला आणि पहाटे ५ लासुद्धा. टॉवेलमध्ये गुंडाळून सरळ बसवायचं, उताणं कधीच नाही. बिनसुईची सिरींज पुढच्या दातांमागून बाजूने घालायची, अर्धा मिली सोडायचं, गिळू द्यायचं, मग पुढचं. घाई केली की फुफ्फुसात जातं.

निखिल, बी-४०३: ताई, आमच्याकडे अमोक्सिसिलिनचं सिरप उरलंय. जखम झाली असेल तर देऊ?

वैशाली, बी-२०४: नको रे, पण विचारलंस ते फार बरं केलंस. ते पोटात गेलं तर याच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांनी दुखण्याचं औषध दिलंय, ते वेळेवर चालू आहे. माझ्या मते निम्मी भूक त्यानेच परत येते. शिवाय व्हिटॅमिन सी, कारण आपल्यासारखंच यांच्याही शरीरात ते तयार होत नाही. चोइथराम मंडीकडे कोणी जाणार असेल तर दोन शिमला मिरच्या आणाल? दोऱ्यासारख्या बारीक कापून देते.

देशपांडे काका, सी-३०१: मी उद्या जातोय, आणतो. मला हे माहीत नव्हतं बेटा. सुधारतोय हे कळतं कसं?

वैशाली, बी-२०४: रोज सकाळी एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन. आणि लेंड्या मोजते. बुधवारी बारीक, टोकदार, जेमतेम वीस होत्या. आज भरल्या आणि लांबट आहेत. ते बघून मी आज पहिल्यांदा नीट जेवले.

(रात्री १०.४०)

वैशाली, बी-२०४: काकू!! तुमची हरळी कात्रीने बोटाच्या पेराएवढी कापून ठेवली होती. एक काडी आत गेली. पूर्ण. कुरुकुरु आवाज आला. मग दुसरी. ११ ची सिरींज तरीही देतेच आहे, दोन काड्यांनी पोट नाही भरत.

जोशी काकू, ए-१०२: गजाननाची कृपा. आत्ताच तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवू का सकाळसाठी?

वैशाली, बी-२०४: सकाळीच तोडा काकू. दडपून ठेवलेली ओली हरळी आंबते. मी साडेसहाला येते, वजन करून.