दम्याच्या पंपामुळे हातावर जांभळे डाग पडू शकतात का?

प्रश्न (परभणी जिल्हा)
माझ्या आईचे वय ६८ असून तिला बऱ्याच वर्षांपासून दमा आहे. बुडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल असलेला ४०० चा पंप ती सकाळ-संध्याकाळ दोन-दोन फवारे घेते, आणि त्याच्या आधारावरच ज्वारीच्या मळणीची धूळ तिला सोसवते. अलीकडे मात्र मनगटापासून कोपरापर्यंत जांभळे डाग उमटू लागले आहेत. मार लागल्याचे तिला आठवत नाही. बांगडी घासली तरी कातडी सोलवटते, आणि परवा रक्त तपासायला दिल्यावर लावलेली चिकटपट्टी काढताना कातडीचा पापुद्राच सोबत निघाला. भावकीतली मंडळी पंप बंद करा म्हणतात आणि आईही आता फवारे चुकवू लागली आहे. औषध छातीत जात असताना त्याचा परिणाम हातावर कसा होईल?

उत्तर (छातीविकाराचे डॉक्टर, छत्रपती संभाजीनगर)
ताई, सर्वप्रथम आईंचे फवारे चुकणार नाहीत हे पाहा. पंप अचानक सोडल्यास दम्याचा झटका येऊ शकतो आणि तो जिवावर बेतू शकतो. डागांमुळे तसा धोका नसतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. फवाऱ्यातील जो भाग घशात राहतो आणि गिळला जातो, त्यातील सुमारे ९० टक्के बुडेसोनाइड, म्हणजे पंपातले स्टेरॉइड, यकृत निष्प्रभ करते. परंतु जो भाग फुप्फुसात पोचतो तो तिथून थेट रक्तात उतरतो आणि रक्ताबरोबर त्वचेपर्यंत जातो. त्वचेला घट्टपणा देणारे कोलॅजन तयार करण्याचे काम स्टेरॉइडमुळे मंदावते, त्वचा पातळ होते, आणि तिच्यातील बारीक रक्तवाहिन्यांचा आधार सुटल्यामुळे त्या किरकोळ घासण्यानेही फुटतात. उतारवयात आणि मोठी मात्रा दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये हे अधिक दिसते. आईंची मात्रा दिवसाला १६०० मायक्रोग्रॅम होते, आणि प्रौढांमध्ये ८०० च्या वरची मात्रा मोठी मानली जाते. दमा काही महिने आटोक्यात असेल तर ती टप्प्याटप्प्याने कमी करता येते का, हे आईंच्या डॉक्टरांना जरूर विचारा. ते आपल्या मनाने करू नका.

श्वासावाटे घ्यायचे बेक्लोमेथासोन हे स्टेरॉइड वापरात आले ते १९७२ साली, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या दुष्काळाच्या वर्षी. त्याआधी बळावलेल्या दम्यासाठी रोज स्टेरॉइडच्या गोळ्या घ्याव्या लागत आणि त्यांचा भार हाडांवर, साखरेवर व त्वचेवर कितीतरी जास्त पडे. म्हणून पंपाला शत्रू ठरवू नये, असे माझे ठाम मत आहे.

डाग फक्त हातांवर आहेत की पोटावर आणि पायांवरही आहेत? हिरड्यांतून रक्त येणे, काळी शौच किंवा ताप असेल तर थांबू नका; लगेच दाखवून प्लेटलेट तपासून घ्या.

उत्तर (अंबाजोगाई)
माझ्या सासूबाईंनाही असेच डाग पडत असत, मात्र त्यांना हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू होती आणि दोन्हींचा परिणाम एकत्र होत होता. तेव्हा बाकीच्या गोळ्याही डॉक्टरांना दाखवा. चिकटपट्टी टाळून सुती पट्टी सैल बांधणे, शेतात लांब बाह्या घालणे आणि अंघोळीनंतर ओलसर अंगावर व्हॅसलिन लावणे यांचा आम्हाला उपयोग झाला, कारण वर्षानुवर्षे उन्हाने करपलेली हातांची कातडी मुळातच नाजूक झालेली असते. आणि ज्यांना वाफाऱ्याच्या मशीनमधून स्टेरॉइड देतात, त्यांनी मास्क काढल्यावर चेहरा धुवावा, नाहीतर तोंडाभोवती पुरळ उठू शकते.

प्रश्नकर्ती
डाग फक्त हातांवर आहेत, ताप नाही. रक्त पातळ करणारी गोळी नाही, पण गुडघेदुखीसाठी आई आठवडी बाजारातून कागदी पुड्या आणते, त्याने दोन दिवसांत आराम पडतो असे ती सांगते. त्या पुड्यांवर नाव नसते.

उत्तर (औषध दुकानदार, नांदेड)
ताई, ही माहिती सर्वांत महत्त्वाची आहे. बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइडची भुकटी मिसळलेली असू शकते, आणि दोन दिवसांत पडणारा आराम हीच शंका बळकट करतो. तसे असेल तर आईंच्या अंगात पंपाच्या कित्येक पट स्टेरॉइड जात असेल आणि दोष मात्र पंपाच्या माथी येत असेल. खाजेसाठी मेडिकलमधून आणलेली ट्यूब त्या लावत असतील तर तीही पाहा. अशा अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड असते.

नवी पुडी विकत घेऊ नका. परंतु त्या रोज आणि बरेच महिने चालू असतील तर एकदम बंद करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला, कारण शरीराची स्वतःची संप्रेरके तयार करण्याची क्षमता दबलेली असू शकते आणि रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते. हे काम या आठवड्यातच करा. जाताना उरलेल्या पुड्या, पंप आणि मलमाची ट्यूब एका पिशवीत घालून सोबत न्या, आणि आईंना डॉक्टरांसमोर पंप ओढून दाखवायला सांगा. फवारा आणि श्वास यांचा मेळ बसत नसेल तर स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाला लावायची पोकळ नळी, जोडून मिळतो. त्याने औषध छातीत नीट पोचते, आणि पुढे मात्रा कमी करायचे ठरले तर डॉक्टरांनाही ते सोपे जाते.