प्रति: जुनी पिकअप, गंज आणि साचणारं पाणी

म्हापशाच्या दादांनी विचारलंय: जुनी पिकअप गंजतेय, पावसात पायाखाली पाणी येतं, वर निळी ताडपत्री टाकतो, काय करू? त्यावर गंज थांबवायला खालून जाड काळा कोट मारा, असं वर कुणी सुचवलंय. जरा थांबा. गंजलेल्या किंवा ओलसर पत्र्यावर तो कोट बसला की ओल आत कोंडते आणि पत्रा नजरेआड सडत राहतो.

आधी पाणी कुठे अडतं ते बघा. दरवाज्यांच्या खालच्या कडेला निचऱ्याची भोकं असतात. काचेच्या फटीतून आत उतरलेलं पावसाचं पाणी तिथूनच बाहेर पडायचं. आपल्याकडची तांबडी माती ती बुजवते, तार घालून मोकळी करा. बॉनेट आणि पुढच्या काचेच्या मधल्या जाळीत पालापाचोळा कुजतो, तोही काढा. पायाखाली पाणी येतं म्हणता ना, ते बहुतेक तिथूनच, नाहीतर काचेच्या म्हाताऱ्या रबरातून. हौद्यातली रबरी मॅट पावसाळाभर उचलूनच ठेवा. गाडी तोंडाकडून किंचित चढावर उभी केली की हौद्यातलं पाणी मागच्या फळीकडे उतरतं.

खाऱ्या वाऱ्याचं मात्र वेगळं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की पत्र्यावरचं मीठ स्वतःच ओल ओढून विरघळतं; जून ते सप्टेंबर आपल्याकडे दुसरं काय असतं? त्यामुळे मिरामार-कळंगुटच्या किनाऱ्यावर गाडी फिरवून आणलीत की चेसिस गोड्या पाण्याने खालून धुवा, वाळू द्या. मग पोकळ भागांत मेणाचा स्प्रे मारून घ्या, निचऱ्याची भोकं सोडून. आणि ती निळी ताडपत्री पत्र्याला चिकटवून टाकू नका, आतून घाम धरते. दोन बाजूंनी उघडी शेड केव्हाही बरी.