पणजीचं माहेरचं आडनाव: देशमुख की माने?

माणदेशी
पणजीचा जन्म अंदाजे 1905, सासर माण तालुक्यात. घरच्या जुन्या वहीत माहेर ‘देशमुख’ लिहिलंय, चुलत आजी ‘माने’ म्हणतात. माहेरचं गाव कुणालाच ठाऊक नाही. 1961 च्या मृत्यूनोंदीत फक्त नवऱ्याचं नाव आहे. पुढे कुठे शोधावं?

जुनं दप्तर
आडनाव राहू द्या, आधी गाव शोधा. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी व्हायचं, त्यामुळे पणजीच्या थोरल्या मुलाचं जन्मगाव हाच सगळ्यांत भक्कम धागा. त्याच्या शाळेतून जनरल रजिस्टरचा उतारा घ्या आणि जन्मस्थळाचा रकाना पाहा. जन्मतारखेवर विसंबू नका, गुरुजी पुष्कळदा अंदाजाने घालत. गाव मिळालं की त्या तालुक्याच्या तहसील कचेरीतल्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 (कोतवाल बुक, म्हणजे गावची जन्म-मृत्यूची नोंदवही) मागा, शाळेतल्या सालाच्या मागची-पुढची तीन-तीन वर्षं धरून. नोंद मोडीत असण्याची तयारी ठेवा. नक्कल घेऊन जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या.

वारसनोंद
दोन्ही नावं खरी असू शकतात. देशमुख हे वतनाचं, म्हणजे वंशपरंपरागत हुद्द्याचं नाव, मूळ आडनाव माने असू शकतं. पाटील-कुलकर्ण्यांच्या घरांतही हेच होतं. मात्र पणजोबांची दोन लग्नं झाली होती का, हे आधी तपासा. तसं असेल तर एक आडनाव थोरलीचं, एक धाकटीचं. सासरच्या कोतवाल बुकात पहिल्या बायकोच्या मृत्यूचं साल आणि मुलांच्या जन्माची सालं शेजारी मांडली की कोण कुणाचं ते कळतं.

माहेरच्या गावचे फेरफार (नमुना 6, जमिनीच्या हक्कांतल्या बदलांच्या नोंदी) पाहताना एक अडचण आहे. पणजीचे वडील 1956 चा हिंदू वारसा कायदा येण्याआधी वारले असतील आणि मुलगे हयात असतील, तर वारसांत मुलीचं नाव सहसा नसतं. भाऊ त्यानंतर निपुत्रिक वारला असेल तर बहिणीचं नाव लागण्याची शक्यता आहे. तिथेही ती ‘अमुक भ्र. (भ्रतार, म्हणजे नवरा) तमुक’ अशी सासरच्या नावाने येते. लग्नात नाव बदललेलं असतं, म्हणून पणजोबांच्या नावावरून शोधा.

गोदाकाठ
नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या (यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या पुरोहितांच्या) वह्याही पाहा. सासरचं गाव आणि आडनाव सांगितलं की तुमचे उपाध्याय सापडतात. पणजीच्या मुलाने तिथे श्राद्ध केलं असेल तर ते पान नीट वाचा. श्राद्धात मातामहालाही (आईच्या वडिलांनाही) पिंड असतो, त्यामुळे आजोळची नोंद त्याच लेखात मिळू शकते.