मदत हवी आहे: दारूशिवाय बारचं प्रॅक्टिकल कसं घ्यायचं?

खडीसाखर_७७
हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात बारचा पेपर शिकवते. पोरांना कॉकटेलच्या कृती तोंडपाठ, पण शेकर हातात दिला की झाकण उडून भिंतीवर. प्राचार्य म्हणतात, आवारात दारूची रिकामी बाटलीसुद्धा नको. इंटरव्ह्यू तोंडावर आलाय. लवकर सुचवा. ‘यूट्यूब दाखवा’ म्हणू नका, दाखवून झालंय.

पाटाचं_पाणी
मुलं किती? वय काय? इंटरव्ह्यू हॉटेलचा की क्रूझचा? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

आडवातिडवा
सरळ गोव्याला ट्रेनिंगला पाठवा. तिथे वय १८. आपल्याकडे बिअर-वाइनला २१, हार्डला २५. मार्च-एप्रिलमध्ये गेलात तर हुर्राकही (काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू) मिळेल. लिमका, मीठ, चिरलेली मिरची... आहाहा.

काउंटरमागचा
अहो, प्यायचं वय विचारलंय का त्यांनी? ओतायला पाणी चालतं. मॅडम, सरबताच्या काचेच्या बाटल्या घ्या, तोंडाला पोअरर (धार एकसारखी पाडणारी तोटी) लावा, आत कोरा चहा. बाटली पूर्ण उलटी धरून मनात आकडे मोजायचे, साधारण चारला ६० मिली. मग केमिस्ट्री लॅबच्या मोजपात्रात ओतून बघा. पहिल्या दिवशी कुणाचे ४५ भरतील, कुणाचे ८०. त्यावर हिशोबही शिकवा: ७५० च्या बाटलीत ६० चे साडेबारा पेग. दर पेगला ५ मिली जास्त गेले की साडेअकराच. बाटलीमागे एक पेग मालकाच्या खिशातून.

गल्ल्यावरचा
हे फ्री पोअर, म्हणजे मापाशिवाय ओतणं, कशाला शिकवताय? इथलं गिऱ्हाईक मेझर (पेगचं माप) काठोकाठ भरलेलं बघितल्याशिवाय ग्लास उचलत नाही. आधी मेझर शिकवा.

काउंटरमागचा
तुमच्या परमिट रूममध्ये असेल तसं. सगळ्यांना तिथेच नोकरी करायचीय का?

मसाल्याचा_डबा
वासाची तयारी राहिली. वाट्यांत धणे, वेलदोडा, संत्र्याची साल, कॉफी झाकून ठेवा, डोळे बांधून ओळखायला लावा. जिनमध्ये जुनिपरच्या फळांच्या खालोखाल बहुतेक धणेच असतात. प्राचार्यांची धण्यांना हरकत नसावी :)

सडेतोड_सुमन
बॅचमध्ये मुली आहेत का? दिल्लीत बायकांना बारमध्ये नोकरी द्यायलाच कायद्याने बंदी होती, १९१४ च्या पंजाब अबकारी कायद्यातलं कलम. सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये ते रद्द ठरवलं. पालक कुरकुरले तर सांगा.

पाटाचं_पाणी
सुमनताई, पालकांचं कोणी विचारलंय? आणि मॅडम, क्रूझ असेल तर एसटीसीडब्ल्यू (जहाजावरच्या सुरक्षेचं ट्रेनिंग) आणि सीडीसीचं (जहाजावर काम करणाऱ्यांचं नोंदपुस्तक) बघितलंय ना?

खडीसाखर_७७
१४ जणं, १९-२० ची, त्यात ५ मुली. क्रूझच आहे. सीडीसीचे अर्ज गेलेत. इंटरव्ह्यू येत्या शुक्रवारी, हे लिहायचं राहिलंच. चहा उकळत ठेवलाय. पण केमिस्ट्री लॅब कुठली हो आमच्याकडे? खोकल्याच्या औषधाचं झाकण चालेल का?

काउंटरमागचा
ते १० मिलीचं असतं, सहा वेळा भरत बसाल. मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा. सुई नको म्हणून सांगा.