मेअरकात्से म्हणजे आपलं मर्कटच ना?

कोथरूडकर: लांब शेपटीच्या आफ्रिकी माकडाला जर्मनमध्ये ‘मेअरकात्से’ म्हणतात. मेअर म्हणजे समुद्र, कात्से म्हणजे मांजर. माकडाचा दोन्हींशी काय संबंध? माझं ठाम मत: आपलं ‘मर्कट’ तिकडे पोचलं, अर्थ लागेना, म्हणून ओळखीच्या शब्दांत कोंबलं.

खवट: ‘मेरिकात्सा’ जुन्या हाय जर्मनमध्ये आहे. ती भाषा साधारण १०५० पर्यंतची. वास्को द गामा कालिकतला लागला १४९८ मध्ये. मर्कट काय मारुतीसारखं उड्डाण करून गेलं?

कोथरूडकर: शब्दांना गामाचं जहाज लागत नाही हो. पिप्पलीचं ग्रीकांनी पेपेरी केलं, रोमनांनी पिपेर, जर्मनांनी फेफर. गामाच्या कितीतरी आधी!

श्टुटगार्टची सून: काका, हे उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. पिप्पलीच्या वाटेवरचे मुक्काम तुम्हीच सांगितलेत. मर्कटाचा एक तरी सांगा. ग्रीक पिथेकोस, लॅटिन सिमिया, अरबी किर्द. कुठे आहे मर्कट? आणि मांजर फक्त जर्मनांनाच आठवलं असंही नाही. इटालियनमधला ‘गात्तो माम्मोने’ बघा: गात्तो म्हणजे मांजर, माम्मोने अरबी ‘मैमून’वरून, म्हणजे माकड. समुद्र आला तो प्राणी दर्यापलीकडून आला म्हणून. दक्षिण अमेरिकेतल्या गिनी पिगलाही इथे ‘समुद्री डुकरू’च म्हणतात.

अर्धवट भाषापंडित: मेअरवर एवढा भरवसा नको. मेअररेट्टिश हा नाकात झिणझिण्या आणणारा कंद. नाव आज ‘समुद्री मुळा’ असं वाटतं, मुळात बहुधा ‘मोठा मुळा’. हेंगेमाटे, म्हणजे झोपायची टांगती झोळी, तर सरळसरळ ‘टांगती चटई’ दिसते, पण निघाली कॅरिबियनमधल्या ताइनो लोकांच्या ‘हमाका’वरून. तेव्हा परका शब्द घरचा करून घ्यायची खोड जर्मनला आहे, हे कबूल करा.

कोथरूडकर: मी वेगळं काय म्हणतोय?

खवट: खोड आहे म्हणून इथेही तेच झालं? हमाका स्पॅनिशमध्ये आला, डचांनी त्याचं हांगमाट केलं, तिथून जर्मनीत. सगळा माग लागतो. मर्कटाचा काढून दाखवा, मग बोलू. नुसता यमक जुळला की झाली व्युत्पत्ती, हा आपल्याकडचा जुना आजार आहे.

नवा भिडू: मग टीव्हीवर दोन पायांवर उभे राहतात ते मीरकॅट?

श्टुटगार्टची सून: तो डच घोळ. १६५२ मध्ये त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला, केपला, वस्ती केली आणि पुढे माकडाचं नाव तिथल्या मुंगसाच्या भाऊबंदाला चिकटलं. जर्मनमध्ये त्याला ‘एर्डमेनशन’ म्हणतात, मातीतला छोटा माणूस.

कोथरूडकर: म्हणजे नावं समुद्र ओलांडतात, हे तुम्हीच म्हणालात!

खवट: ओलांडतात की. केपपर्यंत गेलेलं दिसलं. आपल्या किनाऱ्यावरून निघालेलं अजून कुणी पाहिलं नाही.