४०१(के) प्लॅनच्या दुरुस्त्या: प्रोव्हायडर पाठवेल म्हणून थांबायचं का?

मेघना: आमची अमेरिकेत छोटी कंपनी आहे, तीसेक माणसं. ४०१(के), म्हणजे पगारातून निवृत्तीसाठी बचतीचा प्लॅन, प्रोव्हायडरच्या (प्लॅन पुरवणाऱ्या कंपनीच्या) तयार मसुद्यावर चालतो. सिक्युअर २.० या निवृत्ती-बचतीच्या कायद्याचे बदल पेरोलमध्ये आले, पण प्लॅनच्या कागदावर अजून जुनंच आहे. प्रोव्हायडर म्हणतो, दुरुस्ती आम्ही पाठवू. नुसती वाट बघू का?

सुनंदा: मेघनाताई, मी हेच काम करते, म्हणून कळकळीने सांगते. बहुतेक खासगी प्लॅनना लेखी दुरुस्तीसाठी ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत मुदत आहे, पण तरतुदी आधीच लागू झाल्यात. म्हणजे दुरुस्ती मागच्या तारखेपासून लागू होणार, आणि तुम्ही प्रत्यक्षात जे केलंत तेच तिच्यात आलं पाहिजे. नेमकं इथेच घोडं अडतं. तुम्ही काय केलंत हे प्रोव्हायडरला आपोआप कळत नाही, तो ठरावीक पर्याय भरून पाठवतो. नोकरी सोडलेल्या माणसाची छोटी शिल्लक त्याच्या संमतीशिवाय काढून देण्याची मर्यादा घ्या. २०२४ पासून ती ५,००० वरून ७,००० डॉलरपर्यंत नेता येते, सक्ती नाही. तुम्ही ५,००० वरच राहिलात आणि दुरुस्तीत ७,००० छापून आलं, तर सही करताक्षणी कागद एक आणि व्यवहार दुसरा.

आजच एक फाइल उघडा. कोणता बदल, कोणत्या तारखेच्या पगारापासून, कोणी ठरवला, एवढं लिहून सही करा. दुरुस्ती आली की तिच्याशी ओळीने ताडून बघा.

अर्धवेळवाल्यांचे तासही बघा. सलग दोन वर्षं ५०० तास भरले आणि वय २१ झालं, की २०२५ पासून त्यांना पगारातून पैसे टाकू द्यावेच लागतात.

प्रसाद: अॅडॉप्शन अॅग्रीमेंटमधली (कंपनीने प्लॅनसाठी निवडलेले पर्याय लिहिलेल्या करारातली) वेतनाची व्याख्याही वाचा. तिथे बोनस धरलेला असतो आणि पेरोल बोनसवर कपातच करत नाही, हे फार ठिकाणी होतं.

मेघना: आमच्याकडे रॉथ (आधी कर भरून पैसे टाकायची सोय) नाही. पन्नाशीपुढच्यांच्या कॅच-अपचं, म्हणजे नेहमीच्या मर्यादेवरच्या जादा बचतीचं काय?

सुनंदा: ज्यांना २०२५ मध्ये तुमच्याकडून १,५०,००० डॉलरहून जास्त एफआयसीए वेतन (सोशल सिक्युरिटी कर लागणारं वेतन) मिळालं असेल, तर २०२६ मध्ये त्यांचं कॅच-अप रॉथमध्येच जायला हवं. रॉथची सोय नसेल तर त्यांना कॅच-अप करताच येत नाही. हे आधी पेरोलवाल्यांशी बोला, दुरुस्ती नंतर.